स्वस्ताईचा हिशेब

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या अड्याळमध्ये महिन्याचे सामान नागपूरच्या डीमार्टमधून भरून आणणारी काही नोकरदार घरे आता आहेत. त्या दुकानांच्या मालकाचे, राधाकिशन दमानी यांचे नाव तर गावातल्या तरुणांना तोंडपाठ आहे. मुंबईत एका खोलीच्या घरात वाढलेला, कॉलेज अर्धवट सोडलेला आणि नेहमी पांढऱ्या कपड्यांत वावरणारा अब्जाधीश, ही त्यांची ओळख मोबाइलवरून घरोघरी पोचली आहे. त्या कहाणीचे तात्पर्य ठरलेले असते : कष्ट करा, दुकान टाका, मोठे व्हा. ते ऐकून कर्ज काढून दुकान टाकणारेही आहेत. म्हणून ही कहाणी नीट तपासावी असे मला वाटले. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि भांडवलविक्रीचे दस्तऐवज वाचत गेलो, त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

प्रश्न साधा आहे. डीमार्टमध्ये साखर, साबण, तेल स्वस्त मिळते ते कशामुळे? मालकाने कष्ट सोसले म्हणून वस्तू स्वस्त होत नाही, हे उघड आहे. मग ती स्वस्ताई येते कुठून?

कष्टांचीच तुलना करायची तर आधी दुसऱ्या एका माणसाकडे पाहू. रामचंद्र अगरवाल यांना लहानपणी पोलिओ झाला आणि कुबड्या कायमच्या सोबतीला आल्या. १९८६ मध्ये त्यांनी उसन्या पैशांतून कोलकात्यात झेरॉक्सचे दुकान टाकले, पुढे कपड्यांचे. २००१ मध्ये ते दिल्लीला गेले आणि स्वस्त कपड्यांची ‘विशाल’ ही दुकानांची साखळी उभी केली. २००७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. दुकाने भराभर वाढली, ती कर्जावर. २००८ च्या मंदीत विक्री मंदावली, माल पडून राहिला आणि कर्ज सुमारे ७५० कोटींवर गेले. अखेर २०११ मध्ये अगरवाल यांना आपला धंदा विकावा लागला. ‘विशाल मेगा मार्ट’ हे नाव पुढेही चालले. डिसेंबर २०२४ मध्ये त्या कंपनीची ८,००० कोटींची भागविक्री झाली, तेव्हा तिचे मालक वेगळे होते. अगरवाल यांनी दरम्यान ‘व्ही टू’ नावाने नव्याने सुरुवात केली होती.

या माणसाच्या जिद्दीपुढे कुणीही हात जोडावेत. पण त्यांचा पहिला डाव मोडला तो जिद्द कमी पडली म्हणून नव्हे. पडून राहिलेला माल आणि डोक्यावरचे व्याज या दोन गोष्टींनी तो मोडला.

दमानींची वाट वेगळी. बॉल बेअरिंगचा छोटा धंदा सोडून, वडिलांच्या निधनानंतर, ते शेअर बाजारात आले. तिथे त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. कहाणी सांगणारे हा भाग घाईने उरकतात, पण डीमार्ट उघडले तेव्हा दमानींकडे स्वतःचे भांडवल होते आणि थांबण्याची ऐपत होती. दुकानदारी त्यांनी आधी शिकून घेतली. १९४८ साली मुंबईच्या नायगावात सुरू झालेल्या ‘अपना बाजार’ या ग्राहक सहकारी संस्थेचे नेरुळमधले एक दुकान त्यांनी १९९९ च्या सुमारास चालवून पाहिले. ती पद्धत त्यांना पटली नाही. मग २००२ मध्ये पवईला पहिले डीमार्ट उघडले. २०१० पर्यंत, म्हणजे आठ वर्षांत, दुकाने झाली अवघी २५.

आता स्वस्ताईच्या मुळाशी जाऊ. तिचे तीन धागे आहेत.

पहिला धागा मालाच्या फिरण्याचा. एका दुकानदाराने एक लाखाचा माल भरला आणि तो वर्षातून चार वेळा संपून पुन्हा भरला. दर फेरीला १५ टक्के सुटले तर वर्षाला ६० हजार मिळाले. दुसऱ्याचा माल महिन्यातच संपतो, म्हणजे वर्षात बारा फेऱ्या होतात. त्याने फेरीमागे ६ टक्केच ठेवले तरी ७२ हजार मिळतात. वस्तू स्वस्त दिली आणि कमाई जास्त झाली. डीमार्टच्या ताळेबंदात हेच दिसते : माल साधारण महिनाभरात निघून जातो.

दुसरा धागा रोखीचा. पुरवठादाराला पैसे उशिरा देणे ही मोठ्या दुकानांची जुनी सवय. डीमार्ट साधारण आठवडाभरात पैसे चुकते करते. समजा, ठोक व्यापाऱ्याने तीन आठवडे आधी पैसे मिळाल्याबद्दल दोन टक्के सूट दिली. दोन टक्के म्हणजे किरकोळ, असे वाटते. पण वर्षात असे तीन आठवडे सतरा वेळा येतात. सतरा गुणिले दोन, म्हणजे वर्षाला सुमारे ३४ टक्के झाले. एवढे व्याज कोणतीही बँक देत नाही. ज्याच्या गाठीला रोकड आहे त्यालाच ही सूट घेता येते.

तिसरा धागा भाड्याचा. मॉलमध्ये मोठे भाडे भरण्यापेक्षा जागा विकत घेऊन किंवा दीर्घ मुदतीच्या कराराने घेऊन तिथे दुकान काढायचे, हे डीमार्टचे धोरण राहिले. त्यामुळे दुकाने सावकाश वाढतात, पण मंदीच्या महिन्यात घरमालक दाराशी उभा राहत नाही.

या तीन धाग्यांचा परिणाम आकड्यांत असा : २०२४-२५ मध्ये कंपनीची विक्री सुमारे ५७,८०० कोटींची होती. शंभर रुपयांच्या विक्रीत सुमारे ८५ रुपये मालाच्या खरेदीचेच. उरलेल्या पंधरात पगार, वीज, कर वगैरे भागवून हाती पडले सुमारे पाच. मार्च २०१७ मध्ये कंपनीने भागविक्रीतून १,८७० कोटी उभे केले, त्यांतले १,०८० कोटी कर्जफेडीसाठी राखले होते. नव्या दुकानांसाठीची रक्कम त्याहून बरीच कमी होती. मार्च २०२५ अखेर दुकाने ४१५ झाली.

आता हाच हिशेब अड्याळच्या किराणा दुकानाला लावू. आमच्याकडे पीक धानाचे. रोवणीच्या दिवसांत घरातला पैसा मजुरीत आणि खतात जातो. धान कापून, मळून, केंद्रावर मोजून चुकारे हाती येईपर्यंत चार-पाच महिने जातात. तोवर तेल-मीठ दुकानदाराच्या वहीवर. शंभर रुपयांचा माल चार महिने उधार दिला आणि महिना दीड टक्का व्याज धरले, तर सहा रुपये त्या मालावर चढतातच. कधी उधारी बुडते, तो तोटाही उरलेल्यांच्या भावात मिसळतो. म्हणून गावातली साखर महाग दिसली तर ती सरसकट लूट समजू नये. त्या भावात चार महिन्यांचे कर्जही सामावलेले असते.

डीमार्ट उधार देत नाही. तिथली स्वस्ताई मिळते ज्याच्या हातात महिन्याच्या सुरुवातीला पगार पडतो, ज्याला नागपूरचे भाडे परवडते आणि महिन्याचे सामान ठेवायला घरात जागा आहे त्यालाच. हे घर रोखीचा गिऱ्हाईक म्हणून गावच्या दुकानातून उठले की दुकानदाराकडे उरतात ती मुख्यतः वहीवरची घरे. त्याचा माल आणखी हळू फिरतो, ठोक व्यापाऱ्याकडची सूट हातची जाते, भाव चढा राहतो. तो चढा भाव भरतात धान विकून उधारी फेडणारी माणसे. शहरातली स्वस्ताई आणि गावातली महागाई यांचा असा संबंध आहे.

यावर उपाय म्हणून कर्जावर गावात छोटे डीमार्ट काढणे मला धोक्याचे वाटते. व्याज आणि उधारी दोन्ही एकाच दुकानाने पेलायची म्हटली तर अगरवालांसारखा कसलेला माणूसही अडचणीत येतो. करता येण्यासारखे वेगळे आहे. दहा-पंधरा दुकानदारांनी मिळून ठोकाची खरेदी रोखीने करावी. बचत गटांनी रोवणीआधी सभासदांना किराण्यापुरते कर्ज द्यावे, म्हणजे ती घरे दुकानात रोखीने घेतील आणि भाव पाडून मागू शकतील. दुकानदारानेही रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगवेगळा लिहून लावावा. निदान उधारी किती रुपयांना पडते हे गिऱ्हाइकाला दिसेल.

आणि धानाचे चुकारे पंधरा दिवस आधी मिळाले, तर गावच्या किराण्याचे भाव किती उतरतील, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. अड्याळच्या बाजारात स्वस्ताई आणायची असेल तर सुरुवात तिथून व्हावी.