मोबाइल टोपलीत, पाहुणे दरीत

पसरणी घाटात गाड्या एकामागे एक उभ्या आहेत. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे दहा. वाईपासून पाचगणी जेमतेम बारा किलोमीटर, पण वळणावर वरून एसटी आली की खालच्यांनी थांबायचं. काचा खाली होतात. क्लचचा जळका वास येतो. त्याच्या मागोमाग दुसरा एक वास, उग्र आणि मातकट. खाली शिवारात हळद शिजते आहे. कुकरमधून वाफेचा लोट सुटतो, शेजारी वाळत घातलेली पिवळी रास दिसते. तिच्या कडेने वाकलेल्या बायका एवढ्या उंचीवरून नुसते ठिपके. दोन गाड्यांच्या फटीतून एक पोरगा स्ट्रॉबेरीचे खोके मिरवत येतो. "घ्या की ताई, सकाळी तोडल्याली हाय."

घाटमाथ्याजवळ गाडी डांबर सोडून लाल मातीत उतरते. फाटक लागतं. सिल्व्हर ओकच्या सावलीत एक टेबल, टेबलावर बांबूची टोपली. कला आणि स्वास्थ्याचं तीन दिवसांचं शिबिर इथून सुरू होतं. मोबाइल टोपलीत ठेवायचा, संध्याकाळी अर्धा तास परत मिळेल. आज लागलेली ही दुसरी रांग. "एकच मेल टाकतो," म्हणत एक गृहस्थ बाजूला होतात. त्यांच्या मागे आणखी चौघं. टोपली भरते आणि आतून गुरगुरत राहते. टेबलावरची मुलगी तिच्यावर पंचा टाकते.

पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे, एक जोडपं बेळगावचं. कुणाला झोप नाही, कुणाला पाठीचं दुखणं, एकीला नुसतंच स्वयंपाकघरातून सुटायचंय. चहाच्या रांगेत हळू आवाजात हिशेब कळतो: माणशी पंधरा ते वीस हजार. ऐकणारा भुवई उंचावतो आणि गवती चहाचा दुसरा कप घेतो.

कठड्याशी गेलं की दरी एकदम समोर येते. तळाशी धोम धरणाचं पाणी, काठाला गाळाचा काळा पट्टा. पलीकडे कमळगड धुरकट उभा. सावरीला पान नाही, सगळी लाल फुलं. कुठेतरी तांबटाची टुकटुक चालू आहे, एका लयीत, न थकता. जुन्या महाबळेश्वरात निघालेली कृष्णा या धरणात अडते, मग वाई, कराड, सांगली असा खालचा रस्ता धरते. आपण उभे आहोत ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटरवर. हवा कोरडी, हलकी. या हवेसाठीच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात पाचगणी वसवली. 1912 मध्ये इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 चा. तोवर उपचार म्हणजे पोटभर जेवण, व्हरांड्यातली खाट आणि ही हवा. महिनोन्‌महिने. त्यांच्यापुढे आपले तीन दिवस चैनीचेच.

अंगणात मातीकाम सुरू होतं. लाल मातीचे गोळे, पाण्याच्या बादल्या. शिकवणाऱ्या बाई सांगतात, माती हाताला लागू द्या, पुसू नका. वीस जोडी हात वाट्या करू लागतात. वाट्या बसतात, फाटतात, कलंडतात. कुणी पाहत नाहीसं वाटून एक साहेब गोळा जमिनीवर जोरात आपटतात, आणि त्यांना ते फार आवडतं. पुन्हा आपटतात. पडवीत भाकऱ्या थापणाऱ्या मावशी हे बघताहेत. पायथ्याच्या गावातून रोज सहाला त्या जीपने वर येतात. हळदीच्या दिवसांत घरी गेल्यावर रानातलंही बघायचं असतं. बोटांच्या पेरांत पिवळेपणा मुरलेला. "ह्यास्नी माती लावाया पैसं पडत्यात," त्या शेजारणीला म्हणतात, "आन् आमची निघता निघंना." दोघी पदर तोंडाला लावून हसतात.

जेवण मात्र नंबरी. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, हिरव्या मिरचीचा खर्डा, वर ताक. 'सात्त्विक आहार' असं वेळापत्रकात छापलंय. खर्ड्यापुढे तो शब्द टिकत नाही. बेळगावकर तिसरी भाकरी मागून घेतात.

दुपारी चित्रं काढायला मेणवली. जीप पुन्हा घाट उतरते आणि प्रत्येक वळणाला ऊन वाढतं. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा दगडी घाट. पायऱ्या इतक्या तापल्यात की बसण्याआधी प्रत्येकजण वहीच खाली घेतो. मग लक्षात येतं की चित्र काढायचंय ते त्याच वहीत. पिंपळाच्या सावलीचा तुकडा एक, माणसं वीस. सावली सरकते तशी सगळी ओळ सरकते. देवळाजवळच्या मंडपात मोठी घंटा टांगलेली. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली. खाली पाण्यात दोघी कपडे धुताहेत. धोपटण्याचा आवाज समोरच्या काठावर आपटून परत येतो. पोरं चित्रांभोवती कोंडाळं करतात. "ह्ये आमचं देऊळ व्हय?" एकजण विचारतो. काढणारी बाई गोंधळते, खोडते, पुन्हा काढते. पोरगा न सांगता शेजारी बसतो आणि कळस किती उंच घ्यायचा ते बोटाने दाखवतो. गेल्या कैक वर्षांत त्याच्या गावाने इतके सिनेमावाले पाहिलेत की वहीवाल्यांचं त्याला अप्रूप नाही.

संध्याकाळी वर परतल्यावर दोन तानपुरे गवसणीतून निघतात. कृष्णेच्या खालच्या अंगाचे, मिरजेचे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी मिरजेत वाद्यं बनवण्याचा धंदा उचलला. 2024 मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आत्ता मात्र सगळे नुसते थांबलेत, कारण गवई जुळवताहेत. खुंटी किंचित पिळतात. मणी सरकवतात. तारेखाली घोडीवरचा सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. तार अजून दबलेली. पाच मिनिटं जातात, दहा जातात. लोक मांड्या बदलतात. एकाचा हात रिकाम्या खिशाकडे जाऊन परत येतो. मग एका क्षणी जवारी उघडते आणि खोलीभर आवाज पसरतो. दिवसभरात शिकवलेल्या कुठल्याच श्वासाने जे झालं नव्हतं ते होतं. वीस माणसं गप्प बसतात, कुणी न सांगता.

सहाची मोबाइलची वेळ टळून गेल्याचं सातला कुणाच्या तरी लक्षात येतं. मग टोपलीपुढे ही झुंबड! रेंज फक्त जांभळाखाली, तीही एकाच कंपनीची. तिथे चौथी रांग. "हॅलो, हो हो, इथे एकदम शांत आहे," असं पाचजण एकाच वेळी ओरडून सांगताहेत.

पहाटे थंडी बोचते. चटयांवर दव. वैराटगडाच्या अंगाने सूर्य वर येतो आणि शिक्षक बारा नावांनी सूर्यनमस्कार घालून घेतात. हा व्यायाम शाळाशाळांत नेण्याचं मोठं काम याच जिल्ह्यात झालं, खटाव तालुक्यातल्या औंध संस्थानात. तिथले राजे स्वतः रोज नमस्कार घालत, प्रजेच्या मुलांकडून घालून घेत, आणि उरलेल्या वेळात चित्रं रंगवत. रामायणाची सबंध चित्रमाला त्यांनी काढली. 1938 मध्ये औंधच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, ते आजही पाहता येतं. कला आणि स्वास्थ्य यांची सांगड म्हणून पत्रकात जे छापलंय ते त्या राजांनी प्रवेशशुल्क न घेता केलं होतं. आठव्या नमस्काराला मेलवाले गृहस्थ चटईवर पालथे पडून राहतात. कुणी उठवत नाही. त्यांना झोप लागली आहे.

जाणार असाल तर शनिवारी सकाळी घाट चढू नका, शुक्रवारी दुपारी चढा. मेणवलीला उन्हं कलल्यावर जा. टोपी आणि बसायला सतरंजी घ्या. शिबिराचे पैसे भरण्याआधी तानपुरा खरा आहे की मोबाइलमधला, एवढं विचारून घ्या. आणि पैसे भरायचेच नसतील तर मेणवलीचा घाट सगळ्यांसाठी मोकळा आहे, औंधही वाईहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.