परभणीला सायकलवर जाऊन यायचं तर

गंगाखेड ते परभणी साधारण ४० किलोमीटर. एसटीने तासाभराचा रस्ता. हेच अंतर सायकलवर जाऊन त्याच दिवशी परत यायचं असं कुणी म्हटलं, की ऐकणारा आधी सायकलकडे बघतो आणि मग सायकलवाल्याकडे. जाऊन-येऊन ८० किलोमीटर हा आकडा ऐकायला मोठा आहे खरा, पण त्याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. ताशी १५ किलोमीटरने गेलं तर पायडल मारण्याचा वेळ साडेपाच तासांच्या आतबाहेर. चहा, नाश्ता, पाण्याचे थांबे धरून सात तास. म्हणजे सकाळी सहाला निघालेला माणूस दुपारी एकला घरी जेवायला हजर.

ज्याला आज न थांबता दहा किलोमीटर जमतात, अशा धडधाकट माणसाला हे तीन-चार महिन्यांच्या सरावाने जमू शकतं. त्याला महागडी सायकल लागत नाही की पहिलवानी मांड्या लागत नाहीत. सावकाश चालवायचं आणि वेळेवर खायचं, एवढं पाळावं लागतं. बहुतेक नवशिके नेमके इथेच घसरतात.

सावकाश म्हणजे किती? जगभरचे लांब पल्ल्याचे सायकलस्वार ज्या फ्रेंच परंपरेला मानतात, तिचं गणित इथे उपयोगी पडतं. ‘बीआरएम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सफरींमध्ये पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत पोहोचला तो पास. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एकाच हंगामात हे चारही टप्पे पार करणाऱ्याला ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथे अशा सफरी नेमाने होतात. आता २०० किलोमीटरचा भागाकार करा: ताशी १५ सुद्धा भरत नाहीत, आणि घड्याळ चहाच्या टपरीवर किंवा पंक्चर काढतानाही चालूच असतं. म्हणजे लांब पल्ल्याच्या दुनियेतली किमान गती ही गल्लीतून दूध आणायला निघालेल्या माणसाच्या गतीहून फार वेगळी नाही. फरक आहे तो तासन्‌तास तीच गती टिकवण्यात.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त मोजमाप म्हणजे बोलणं. शेजारच्या सायकलवाल्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येत असतील तर गती बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करावी.

यामागे शरीराचं साधं अर्थशास्त्र आहे. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त दोन हजार कॅलरींच्या घरात असते. जोरात चालवलं तर हा साठा दीड-दोन तासांत तळाला जातो आणि मग डोकं गरगरतं, हातपाय गळतात, चिडचिड होते. सायकलवाले याला ‘बॉन्क’ म्हणतात. सावकाश चालवणाऱ्याचं शरीर चरबीतून जास्त ऊर्जा उचलतं, आणि तो साठा काटकुळ्या माणसाकडेही पुष्कळ असतो.

दुसरी गोष्ट जरा फसवी आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, पण गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध, मनगटं, मान आणि सीटवर टेकणारी हाडं यांना जास्त वेळ लागतो. म्हणून महिनाभरानंतर दम लागेनासा होतो, माणसाला हुरूप येतो, तो एकदम दुप्पट अंतर मारतो आणि पुढचे पंधरा दिवस गुडघ्याला तेल चोळत बसतो. आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असं सगळीकडे सांगितलं जातं. हा काही प्रयोगशाळेतून निघालेला पक्का नियम नव्हे, अनुभवाचा ठोकताळा आहे. दहाचे बारा करताना तो मोडला तरी बिघडत नाही. पन्नासचे साठ करताना मात्र तो आठवलेला बरा.

प्रत्यक्षात आठवड्याचा बेत असा बसतो: मधल्या वारी दोन किंवा तीन दिवस अर्धा-पाऊण तास आणि रविवारी एकच लांब फेरी. ही रविवारची फेरी किलोमीटरने मोजण्यापेक्षा वेळेने मोजावी. पहिल्या रविवारी तास, मग दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांची भर, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी. हा कमीचा आठवडा लोकांना जिवावर येतो, पण अंगात आलेला सराव मुरतो तो याच दिवसांत.

गंगाखेडचा भूगोल या कामी मदतीला येतो. गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर. उत्तरेला पूल ओलांडला की परभणीचा रस्ता बराचसा सपाट, आणि निम्म्या वाटेवर पोखर्णीचं नृसिंह मंदिर. तिथून परत फिरलं तरी चाळीसेक किलोमीटर होतात. नवशिक्याचा पहिला मोठा टप्पा म्हणून ही फेरी उत्तम. पूर्वेला पालम, पंचवीसच्या आसपास. नैऋत्येला परळी, तीसच्या आसपास, पण त्या बाजूला बालाघाटची रांग असल्याने चढउतार सोबतीला. राणीसावरगावकडेही तसंच. चढाचे रस्ते दुसऱ्या महिन्यापर्यंत राखून ठेवावेत, कारण तिथे नवशिका जड गिअरमध्ये उभा राहून रेटतो आणि गुडघ्याला नेमकं तेच नको असतं. हलका गिअर, पाय भरभर, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे. बिनगिअरची सायकल असेल तर उतरून ढकलावी. त्यात कमीपणा कसला?

वाऱ्याचा विचार मात्र कुणी करत नाही. जून ते सप्टेंबर इथे वारा पश्चिमेकडून येतो. अशा दिवसांत पालमला निघालेला माणूस पाठीवर वारा घेऊन उडत जातो, आपण फार तयार झालो असं समजतो आणि परतीला तोंडावर वारा घेत कसाबसा घर गाठतो. पावसाळ्यात फेरी सोनपेठ किंवा परळीच्या बाजूला काढावी, म्हणजे ताजे पाय वाऱ्याविरुद्ध कामी येतात आणि थकल्यावर वारा घरी ढकलतो. हिवाळ्यात वारा बहुधा उलट दिशेचा आणि मंद, तेव्हा पालम सोयीचं.

सायकल कोणती, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, म्हणून इथे मुद्दाम उशिरा. सुरुवातीला घरात असेल ती चालते. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ती योजना आहे. म्हणजे रोज जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर मारणाऱ्या मुली गावोगाव आहेत, आणि शर्यतीचे कपडे घालून रविवारी पहिल्यांदा निघणाऱ्या बापईमाणसांपेक्षा त्यांचा पाया पक्का आहे. घरच्या सायकलचं सीट नीट केलं तर निम्मी दुखणी जातात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली, पायडल तळाला नेलं, की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हलका बाक राहतो. गावात बहुतेकांची सीटं खाली असतात, पाय टेकावा म्हणून. हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याप्रमाणे. शेतवाटेला बाभळीचे काटे असतात, तेव्हा एक जादा ट्यूब, सोल्युशन-पॅच, टायर उतरवायच्या पट्ट्या आणि छोटा पंप घेतल्याशिवाय गाव सोडू नये.

खाण्याचा नियम: भूक लागायच्या आधी खा. दीड तासापेक्षा लांब फेरी असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यातून पंचवीसेक ग्रॅम मिळतात, म्हणजे तासाला दोन केळी किंवा एक केळं आणि गुळाचा खडा. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गुळाची दशमी हे सगळं चालतं; परदेशी जेलच्या पुड्या लागत नाहीत. धपाटे मात्र थांबून खायचे, कारण तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतो. घाम फार जात असेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, म्हणजे घरगुती जलसंजीवनी. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडून नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

हंगामाचंही पथ्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत परभणी जिल्ह्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा नऊच्या आत घरी. थंडीत उलट, कधी कधी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि पहाटे बोटं ब्रेकवर वळत नाहीत. त्यातच ऊसगाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, बाहेर आलेला ऊस आणि रस्त्यावर सांडलेली टिपरं. अशा दिवसांत अंधारात निघूच नये; निघालंच तर मागे लाल लुकलुकता दिवा, अंगात चमकती पट्टी आणि डोक्यावर हेल्मेट. पहिल्या पावसात शेतातून आलेली काळी माती डांबरावर पसरते, तिथे ब्रेक दाबला की सायकल आडवी.

उशिरा सुरुवात केली म्हणून काही अडतं असंही नाही. पुण्याच्या प्रीती मस्के चाळिशीत सायकलकडे वळल्या, तेही आजारपण आणि नैराश्यातून बाहेर पडण्यासाठी. २०२२ मध्ये त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत पार केले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. भारतीय संघाला ती प्रथमच जमली होती. दवाखाना सांभाळून सराव करणारी ही माणसं. नोकरी-शेती सांभाळणाऱ्याला त्यांच्या विक्रमापेक्षा त्यांचं वेळापत्रक जास्त शिकवून जाईल.

नाशिककरांची आणखी एक गोष्ट गंगाखेडला जवळची वाटेल. तिथले सायकलस्वार दशकाहून अधिक काळ आषाढीच्या आधी सायकलवर पंढरपूरची वारी करतात, आणि आता इतर शहरांतूनही अशा वाऱ्या निघतात. गंगाखेड तर संत जनाबाईंचं गाव. इथून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या पुढे: परळी, अंबाजोगाई, कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी. परभणीची फेरी दोनदा निवांत झाली, की या वाटेचे तीन दिवस पाडता येतात. पहिला मुक्काम कळंब, कारण परळीनंतरचा अंबाजोगाईचा चढ त्याच दिवशी आणि शक्यतो दहाच्या आत उरकलेला बरा. दुसरा कुर्डुवाडी. तिसऱ्या दिवशी उरतात पन्नासेक किलोमीटर. परत येताना सायकल कशी आणायची हे निघायच्या आधी ठरवावं: टेम्पो, ओळखीची जीप, नाहीतर रेल्वेत सामान म्हणून नोंदवून. आषाढीच्या गर्दीत हा शेवटचा पर्याय धरू नये.