ऐकलंय कुठे अजून?

'सगळे आहेत तरी कुठे?' हा फर्मीचा १९५० सालचा प्रश्न दिवाळी अंकांच्या वाचकांना तोंडपाठ आहे, ड्रेक समीकरणही. ती उजळणी नको. त्या समीकरणातल्या शेवटच्या चार पदांना आजही कुणापाशी धड आकडा नाही, तरी अधूनमधून कुणीतरी त्यातून छातीठोक उत्तर काढून दाखवतोच.

माझी ओढ पहिल्यापासून रेडिओकडे. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन यांनी 'नेचर'मध्ये सुचवलं की हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरीवर ऐका. विश्वात सर्वांत मुबलक मूलद्रव्य तेच, तेव्हा खगोलशास्त्र येणाऱ्या कुणालाही ही लहर ठाऊक असणारच. अनोळखी गावात माणूस भेटायचा तर पारावर जाऊन बसावं, तसंच हे. पुढच्याच वर्षी ड्रेकने ग्रीन बँकला २६ मीटरची दुर्बीण दोन ताऱ्यांवर रोखली. हाती काही लागलं नाही. १९७७ मध्ये ओहायोत ७२ सेकंदांचा 'वॉव' संकेत आला, तो पुन्हा आलाच नाही. नासाने १९९२ मध्ये सुरू केलेल्या शोधाचे पैसे अमेरिकी काँग्रेसने वर्षभरात तोडले. पुढची वर्षं देणगीदारांच्या जिवावर निघाली, ती ओलांडून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे येतो.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं शियापारेल्ली यान मंगळावर उतरत होतं, आणि त्याच्या इवल्याशा प्रेषकाचा आवाज आपल्या जीएमआरटीने टिपला. गोविंद स्वरूपांनी नारायणगावच्या परिसरात शेतामळ्यांमध्ये उभ्या केलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! यान पुढे आदळलं, तो भाग निराळा. पण आवाज मिळाला कसा? कुठे, कधी आणि कोणत्या कंप्रतेवर ऐकायचं, हे आधीच माहीत होतं म्हणून. परक्या संस्कृतीच्या बाबतीत हे तिन्ही रकाने कोरे आहेत. २०१८ मध्ये जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी दिशा, कंप्रता, तीव्रता, वेळ असं सगळं धरून हिशेब मांडला. आजवरचा शोध पृथ्वीवरच्या साऱ्या समुद्रांपुढे अंघोळीच्या एखाद्या मोठ्या टबाएवढा भरला. तेवढ्या पाण्यात डोकावून 'समुद्रात मासाच नाही' म्हणणाऱ्याला कोळीवाड्यात कुणी उभं करणार नाही.

व्याख्यानमालांमधून मात्र अशांचीच चलती आहे. 'असते तर एव्हाना दारात आले असते,' असं एक गृहस्थ दरवर्षी ठणकावतात. आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद, आणि आपला रेडिओ जेमतेम सव्वाशे वर्षांचा. आपण इथे आहोत हे सव्वाशे प्रकाशवर्षांपलीकडे रेडिओवरून कुणाला कळलेलंच नाही. दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक संस्कृती स्वतःला जाळून घेते. त्यांच्याकडे दाखला एकच, आणि तो अजून जिवंत आहे. आपण एकटे असूही शकतो, मला त्याचं वावडं नाही. फक्त सुनावणीआधी निकाल नको.

सुनावणी तरी शांतपणे कुठे होते? पार्क्सच्या दुर्बिणीला वर्षानुवर्षं चकवणारे काही संकेत २०१५ मध्ये तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले. प्रॉक्सिमाच्या दिशेने आल्यासारखा वाटलेला २०१९ चा संकेतही शेवटी माणसांचाच. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आणि डोक्यावर उपग्रहांच्या माळा.

२८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. पूर्वी मी न चुकता जायचो. एकदा दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, तेपण आपल्यासारखे नुसते ऐकतच बसले असतील तर?" मी गप्प झालो. आपण तरी मुद्दाम असे कितीदा बोललो? १९७४ मध्ये अरेसिबोहून जेमतेम तीन मिनिटं, तीही सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं दूरच्या तारकागुच्छाकडे तोंड करून. ती अरेसिबोची दुर्बीणही आता नाही. १ डिसेंबर २०२० रोजी तिच्यावर टांगलेला नऊशे टनांचा सांगाडा तबकडीत कोसळला.