आधी खालून बघा! देवराईत अळंबी, दगडफूल आणि शेवाळ ओळखताना

 

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. पांढऱ्या छत्रीचा वरून काढलेला फोटो आणि खाली प्रश्न, "ही कुठली? खाता येते का?" खरं सांगू, दोन वर्षांपूर्वी मीही असाच फोटो काढत होतो. भीमाशंकरजवळ आहुप्याच्या देवराईत गेलो होतो. मोबाइलमध्ये ओळख सांगणारं ॲप होतं. एकाच अळंबीचे तीन फोटो टाकले तर त्यानं तीन नावं सांगितली आणि त्यातलं एक चक्क खाण्याजोग्या जातीचं! शेजारी गावातले एक बाबा उभे होते. ते हसून म्हणाले, "अरे पोरा, नुसतं डोकं काय बघतोस? तिच्या पोटाकडं बघ. आणि उपटू नको हां, देवाचं रान आहे."

आजचा अख्खा भाग त्या बाबांच्या बोलण्यावरच आहे असं समजा.

आधी एक गोष्ट. हे सगळं शिकायला देवराईच का? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळून त्यांच्यावर लिहिलं, तेव्हापासून या जुन्या राखलेल्या रानांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. आपल्या कामाचा मुद्दा साधा आहे. बाकीच्या जंगलात पडलेलं लाकूड सरपणाला जातं. देवराईत रिवाजच असा की पडलेला ओंडका तिथेच कुजायचा. वर म्हाताऱ्या झाडांची दाट सावली आणि खाली ओल. बुरशीला आणखी काय हवं?

आता अळंबी. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी धाग्यांच्या रूपात लाकडात नाहीतर मातीत पसरलेली असते. म्हणून पहिला प्रश्न, ती उगवलीय कशावर? ओंडक्यावर, पाचोळ्यात, शेणावर की वारुळाशेजारी? हे लिहून ठेवा, कारण फोटोत ते निम्म्या वेळा दिसतच नाही.

दुसरा प्रश्न पोटाचा. न उपटता पोट कसं बघायचं? खिशात एक छोटा आरसा ठेवा आणि तो छत्रीखाली धरा. काहींना पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या दिसतील. काहींना टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, झाडाला कपाटाच्या फळीसारख्या चिकटलेल्या कडक अळंब्यांना तर बहुतेक वेळा भोकंच. एवढ्या एका नजरेत मोठे गट वेगळे होतात.

तिसरी खूण बीजाणूंचा रंग. घरामागे उगवलेली छत्री असेल तर ती कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि सकाळी ठसा बघायचा. (त्यानंतर हात धुवा, आणि ती वाटी आईच्या नेहमीच्या वापरातली नको.) देवराईत असं करता येत नाही. पण अळंब्या एकावर एक उगवल्या असतील तर खालच्या टोपीवर किंवा बाजूच्या पानावर वरच्यांची पावडर सांडलेली असते. आयता ठसा!

हा ठसा गंमत म्हणून घ्यायचा नसतो. वारुळाची अळंबी आपल्याकडे आवडीनं खातात, गोव्यात तर तिच्यावर उड्या पडतात. वाळव्या वारुळात ही बुरशी शेती केल्यासारखी जोपासतात. तिचा ठसा फिक्कट गुलाबीसर येतो. हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम मोलिब्डायटीस नावाची मोठी पांढरी छत्री लांबून तशीच साधीभोळी दिसते. कोवळी असताना तिच्या पट्ट्याही पांढऱ्या असतात. बीजाणू पिकले की त्या हिरवट पडतात आणि ठसाही हिरवट येतो. ती खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब. काही दुसऱ्या विषारी अळंब्यांचा त्रास सहा-बारा तास कळतच नाही, तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. लसूण काळी पडते का, किडे खातात का, चांदीचा चमचा... या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. ॲपवरून, फोटोवरून आणि हो, आमच्या पॉडकास्टवरूनही अळंबी खायची नाही. कुणी चुकून खाल्लीच तर त्रास व्हायची वाट न बघता उरलेला तुकडा घेऊन दवाखाना गाठा.

दगडफुलाकडे वळू. हो, गोड्या मसाल्यातलंच! ती वनस्पती नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. सायमन श्वेन्डेनर यांनी १८६७ मध्ये हे मांडलं तेव्हा त्या काळच्या बऱ्याच तज्ज्ञांना ते पटलं नव्हतं. खोडावर दगडफूल दिसलं म्हणजे झाड आजारी, असंही नाही. ते फक्त सालीवर राहतं.

नवख्यानं तीन आकार बघावेत. सालीवर रंग फासल्यासारखं चिकटलेलं, पानासारखं कडेनं सुटणारं आणि दाढीसारखं लोंबणारं. माझं लाडकं म्हणजे ग्राफिस. गुळगुळीत सालीवर कुणी काळ्या शाईनं मोडी लिपीत काहीतरी खरडलंय असं वाटतं. खोडावरची नारिंगी मखमल मात्र दगडफूल समजू नका. ते ट्रेन्टेपोहलिया नावाचं शैवाल, जातीनं हिरवं पण रंगानं नारिंगी. ग्राफिसच्या संसारातला जोडीदार बहुधा याच कुळातला असतो. नखानं खरवडून मात्र बघू नका. पुष्कळ दगडफुलं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, त्यामुळे तळहाताएवढा डाग तुमच्यापेक्षा वयानं मोठा असू शकतो.

शेवाळाच्या बाबतीत मराठीनंच घोळ केलाय. जे जे हिरवं आणि निसरडं, ते सगळं शेवाळ! शाळेत 'वनस्पतीसृष्टीचे उभयचर' वाचलेलं आठवतंय? मॉस त्यातलं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला चिकटवा आणि चेहरा मॉसजवळ न्या. चिमुकल्या देठाभोवती चहूबाजूंनी पानं आणि वर दांडीवर कुपी दिसली तर ते मॉस. पानं दोन रांगांत चपटी मांडलेली असतील, किंवा पानंच नसून हिरवी पट्टी जमिनीला चिकटलेली असेल, तर ते बहुधा लिव्हरवर्ट. (हे करताना जळवा चढतात. मोजे लांब घाला.)

आणि नाव नाही कळलं तर? वहीत 'ग्राफिस गटातलं', 'भोकंवाली, ओंडक्यावर' एवढंच लिहा. दगडफुलाची नेमकी जात ठरवायला तज्ज्ञांनाही सूक्ष्मदर्शक आणि रसायनं लागतात.

जाता जाता, भीमाशंकरच्या 'चमकणाऱ्या जंगला'चे व्हिडिओ फिरतात, त्यात 'मायसीना नावाचे जिवाणू' असं लिहिलेलं असतं. मायसीना ही बुरशी आहे, जिवाणू नाही. तो फॉरवर्ड करणाऱ्या काकांना प्रेमानं सांगा.

त्या पांढऱ्या अळंबीचं नाव मी बाबांनाही विचारलं होतं. आरशात तिचं पोट बघून ते म्हणाले, "वारुळाची न्हाई ही. आम्ही खात न्हाई, म्हणून नाव बी ठेवलं न्हाई." माझ्या वहीत ती अजून 'पांढरी, पट्ट्यांची, पाचोळ्यात' अशीच आहे.

तुमचे फोटो पाठवा. एक वरून, एक खालून आणि एक आजूबाजूचा. भेटू पुढच्या भागात!