पिसदुऱ्याच्या दगडांची साक्ष

नाकावर एक व डोळ्यांवर दोन शिंगें असलेल्या ट्रायसेराटॉप्स या प्रचंड प्राण्याचें चित्र बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. हा शुद्ध शाकाहारी. चोंचीसारख्या तोंडानें पाला तोडावा व कात्रीसारख्या दंतपंक्तींनीं त्याचे तुकडे करावे, हा त्याचा क्रम. तो उत्तर अमेरिकेचा रहिवासी. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं तो नामशेष झाला. त्याच युगाच्या अखेरीस आपल्या महाराष्ट्रांत कोण चरत होतें बरें?

याचें उत्तर चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याच्या बाजूस असलेल्या पिसदुरा व डोंगरगांव या खेड्यांनीं दिलें आहे. ज्यांचें नांव नागपूरच्या कॉलेजास आहे, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच पिसदुऱ्याच्या अश्मीभूत अस्थि गोळा केल्या होत्या. पुढें डोंगरगांवास जो मोठा सांगाडा सांपडला, त्याचें वर्णन १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. आज त्या प्राण्यास आयसीसॉरस म्हणतात. त्यास शिंगें नव्हतीं. मान भक्कम व पुढचे पाय लांब होते. एकट्या दंडाचें हाडच जवळजवळ दीड मीटर! या कुळांतील प्राणी अन्न चावीत नसत. पाला ओरबाडून तसाच गिळीत.

परंतु ते खात तरी काय? याची साक्ष पिसदुऱ्यास सांपडणाऱ्या, दगड झालेल्या शेणाच्या गोळ्यांनीं दिली. हे गोळे बहुधा याच कुळांतील प्राण्यांचे असावेत. वनस्पति मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतात. तिचे सूक्ष्म, कांचेसारखे कण त्यांच्या पेशींत सांचतात व कणांच्या आकारावरून वनस्पतीची जात ओळखतां येते. हे कण पोटांत जिरत नाहींत. वंदना प्रसाद, अशोक सहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं या गोळ्यांत ताड-माडाच्या वर्गांतील झाडांचे कण पाहिले आणि त्यांबरोबरच गवताचेही! त्यांतील कांहीं गवतें तर आपल्या भाताच्या दूरच्या गोत्रांतलीं होतीं. गवत हें या महाकाय प्राण्यांच्या अंतानंतर उपजलें, असा जो समज रूढ होता, तो २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या शोधानें मोडला.

पुढें ज्वालामुखींच्या लाव्हारसानें दख्खनची विस्तीर्ण भूमि झांकून टाकली. मुंबईच्या जुन्या इमारतींतून दिसणारा काळा दगड हा त्याच लाव्हारसाचा थिजलेला अंश होय. त्याच्या आधीं या भूमीवर काय उगवत होतें, हें सांगावयास मात्र शेणाचा एक गोळा पुरला. मित्रहो, निसर्गाच्या ग्रंथांत क्षुद्र असें एकही अक्षर नाहीं. तें वाचण्याची दृष्टि व धीर मात्र हवा.