कँटरबरीला जाल तर आधी तळघरात उतरा

कँटरबरी कॅथीड्रलच्या मुख्य दालनात पाऊल ठेवलं की मान आपोआप वर जाते. सरळसोट खांब, त्यांच्या माथ्यावरून पंख्यासारख्या पसरलेल्या दगडी फासळ्या आणि उंच खिडक्यांतून येणारा पांढरा उजेड. इंग्लंडमधल्या सर्वांत देखण्या दालनांपैकी हे एक, यात शंका नाही. पण १३७७ साली नव्याने बांधायला घेतलेलं हे दालन म्हणजे या इमारतीच्या गोष्टीचा बराच पुढचा अध्याय आहे. पहिली पानं जमिनीखाली आहेत. म्हणून एकट्याने येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हे, की दालनात फार वेळ घालवू नका. डावीकडून चालत वायव्येच्या बाजूदालनात जा आणि तिथून खाली जाणाऱ्या पायऱ्या उतरा. वरचं सगळं कशासाठी उभं राहिलं, ते खालून वर आल्यावरच नीट कळतं.

खाली उतरण्यापूर्वी थोडा इतिहास हवा. ५९७ साली पोप ग्रेगरीने रोमहून पाठवलेला ऑगस्टीन नावाचा साधू केंटच्या राज्यात उतरला. तिथला राजा एथेलबर्ट ख्रिस्ती नव्हता, पण त्याची फ्रँकिश राणी बर्था ख्रिस्ती होती. ती जिथे प्रार्थनेला जायची ते सेंट मार्टिनचं छोटं चर्च आजही गावाच्या पूर्वेला उभं आहे. ऑगस्टीन कँटरबरीचा पहिला आर्चबिशप झाला आणि ती गादी आजवर चालत आली आहे. त्याच्या काळातलं कॅथीड्रल मात्र आता दिसत नाही. १०६७ मध्ये जुनी इमारत जळाली. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजाने नेमलेल्या आर्चबिशप लॅनफ्रँकने १०७० पासून सात वर्षांत नवी उभारली. दगड आला खाडीपलीकडच्या नॉर्मंडीतल्या कां या गावाहून, जहाजांतून. पिवळसर, मऊ, कोरायला सोपा. लॅनफ्रँकनंतर आर्चबिशप झालेल्या अँसेल्मच्या काळात मठवासींना ही वास्तूही अपुरी वाटू लागली. पूर्वेकडचा भाग पाडून तो कितीतरी लांब वाढवला गेला आणि त्याच्या पोटात हे तळघर बांधलं गेलं. अकराव्या शतकाच्या अगदी अखेरीस सुरू झालेलं ते काम. नॉर्मन काळातलं इंग्लंडमधलं सर्वांत मोठं तळघर हेच.

तळघर म्हटल्यावर कोंदट भुयार डोळ्यांसमोर येत असेल तर ते बाजूला ठेवा. हे पूर्णपणे जमिनीत गाडलेलं नाही, त्याला खिडक्या आहेत. ते इतकं उंच आहे की त्याच्यावर असलेल्या गायनकक्षाची जमीनच वर उचलली गेली आहे. म्हणून तर कॅथीड्रलमध्ये पूर्वेकडे जाताना माणूस सारखा पायऱ्या चढत राहतो. आत बुटक्या खांबांच्या रांगा, त्यांच्यावर अर्धवर्तुळाकार कमानी. इथे शांतता पाळायची असते आणि फोटो काढायला मनाई आहे. ही मनाई एकट्या माणसाच्या फार उपयोगाची आहे. फोन खिशात गेला की डोळे कामाला लागतात.

डोळ्यांना काम भरपूर आहे. प्रत्येक खांबाचा माथा म्हणजे एकेक दगडी पान आहे. कुठे एकमेकांना भिडलेले प्राणी, कुठे दोन डोक्यांचं जनावर, कुठे वाद्यं वाजवणारी जनावरं. प्रार्थनेच्या जागी हे चित्रविचित्र प्राणी कशासाठी, असा प्रश्न बाराव्या शतकातल्या धर्मगुरूंनाही पडला होता. कोरणाऱ्यांनी मात्र मन लावून कोरलं आहे. काही माथे अर्धवट राहिले आहेत. दोन बाजू पूर्ण, तिसरीवर नुसती आखणी, चौथी कोरी. वेरूळची अपुरी लेणी पाहून लेणं कसं कोरत गेले ते जसं उलगडतं, तसंच इथे होतं. खांब आधी उभे झाले, छत चढलं आणि कोरणारा माणूस नंतर येऊन जागेवरच छिन्नी चालवत होता, हे त्या कोऱ्या बाजू सांगतात. गटाबरोबर आलेल्यांना वाटाड्या एक-दोन माथे दाखवून पुढे नेतो. एकट्याने आलात तर प्रत्येक खांबाभोवती एक फेरी मारा. एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला पूर्ण होतं.

दक्षिणेकडे सेंट गेब्रिएलचं छोटं देवघर आहे. त्याच्या अर्धगोल टोकात बाराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, इंग्लंडमध्ये शिल्लक राहिलेल्या उत्तम चित्रांपैकी. ती टिकली याचं कारण साधं आहे: वरच्या बांधकामाला आधार म्हणून बाराव्या शतकातच तिथे भिंत घातली गेली आणि चित्रं तिच्यामागे बंद झाली. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात धर्मसुधारकांनी आणि यादवी युद्धातल्या सैनिकांनी देशभरच्या चर्चमधली चित्रं खरवडली, पांढऱ्या चुन्याने झाकली. ही त्यांच्या हाती लागलीच नाहीत. एकोणिसाव्या शतकात भिंत उघडली तेव्हा सिंहासनावरचा ख्रिस्त आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जन्माची कथा पुन्हा उजेडात आली.

आता बेकेट. त्याच्याशिवाय कँटरबरी सांगता येत नाही. थॉमस बेकेट हा दुसऱ्या हेन्री राजाचा जिवलग मित्र आणि चान्सलर. राजाने ११६२ साली त्यालाच आर्चबिशप केलं, चर्च आपल्या मुठीत राहील या हिशेबाने. झालं उलटं. गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूंवर खटला राजाच्या न्यायालयात चालायचा की चर्चच्या, यावरून दोघांत कायमचं वितुष्ट आलं. बेकेटने सहा वर्षं फ्रान्समध्ये काढली. तो परतल्यावर महिन्याभरातच, २९ डिसेंबर ११७० च्या संध्याकाळी, राजाचे चार सरदार कॅथीड्रलमध्ये घुसले. वायव्येच्या ज्या बाजूदालनातून आपण पायऱ्या उतरलो, तिथेच त्यांनी त्याला तोडला. शेवटच्या घावात एकाच्या तलवारीचं टोक फरशीवर आपटून मोडलं. एडवर्ड ग्रिम नावाचा पाहुणा आलेला धर्मगुरू वाचवायला मध्ये पडला, त्याच्या हातावर वार बसला. पुढे त्यानेच हा प्रसंग लिहून ठेवला. त्या काळच्या लेखकांनी नोंदवलं आहे की तळघराचं दार शेजारीच होतं, अंधार पडत होता, बेकेटला सहज लपता आलं असतं. तो लपला नाही. त्या पायऱ्यांवर उभं राहून दोन जागांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं की हा निर्णय केवढा होता ते समजतं.

दुसऱ्या दिवशी मठवासींनी त्याला घाईने याच तळघराच्या पूर्व टोकाला पुरलं. कपडे उतरवताना त्याच्या अंगात केसांचा खरखरीत अंगरखा सापडला. थडग्याभोवती त्यांनी भिंत बांधली आणि तिला भोकं ठेवली, भाविकांना आत डोकं घालून दगडाचं चुंबन घेता यावं म्हणून. चमत्कारांच्या गोष्टी पसरल्या. बेकेटच्या रक्ताचा अंश मिसळलेलं पाणी छोट्या धातूच्या कुप्यांतून यात्रेकरू गळ्यात अडकवून नेऊ लागले. तीनच वर्षांत पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं. आणि १२ जुलै ११७४ रोजी स्वतः राजा हेन्री आला. वेशीबाहेरच्या सेंट डन्स्टन चर्चपासून अनवाणी चालत तो थडग्याशी पोहोचला. तिथे बिशपांनी आणि एकामागून एक मठवासींनी त्याच्या पाठीवर कोरडे ओढले आणि राजाने ती रात्र तळघरातल्या जमिनीवर उपाशी काढली. युरोपातल्या सर्वांत बलाढ्य राजांपैकी एक, या खांबांमध्ये. मला या इमारतीतली सर्वांत मोठी घटना हीच वाटते, खुनापेक्षाही.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, ५ सप्टेंबरला वरचा गायनकक्ष जळून गेला. गर्वेस नावाच्या मठवासीने हे सगळं डोळ्यांनी पाहून लिहिलं. बाहेरच्या झोपड्यांना लागलेल्या आगीच्या ठिणग्या वाऱ्याने उडाल्या, छताच्या शिशाच्या पत्र्यांखाली शिरल्या आणि आतलं जुनं लाकूड धुमसत राहिलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तळघर वाचलं. पुनर्बांधणीसाठी सान्सचा विल्यम हा फ्रेंच स्थपती आला आणि त्याने नव्या टोकदार कमानींची पद्धत आणली. ११७८ मध्ये कमानीचा लाकडी सांगाडा बसवताना तो परांचीवरून कोसळला. काही काळ अंथरुणावरून सूचना देत राहिला, शेवटी मायदेशी परतला. उरलेलं काम दुसऱ्या विल्यमने केलं, जो इतिहासात नुसता ‘इंग्रज विल्यम’ म्हणून ओळखला जातो. ११८४ पर्यंत ते झालं. तळघराचा पूर्वेकडचा भाग त्याचा. जुन्या भागातून या भागात पाऊल टाका आणि फरक पाहा: छत एकदम वर जातं, उजेड वाढतो, कमानी टोकदार होतात. मधे शंभर वर्षंही गेलेली नाहीत. रोमनेस्क आणि गॉथिक या दोन शैलींतला फरक पुस्तकांतून मला धड कधी कळला नव्हता. तो इथे कळतो.

बेकेटचं थडगं इथून कधीच गेलं. १२२० साली अस्थी वरच्या ट्रिनिटी देवघरातल्या सोन्यारत्नांच्या समाधीत हलवल्या गेल्या. खाली आता मोकळी जमीन आहे आणि तिच्यावर २०११ पासून अँटनी गोर्म्लीचं एक शिल्प अधांतरी टांगलेलं आहे. दोन मीटरची मानवी आकृती, कॅथीड्रलच्याच छताच्या दुरुस्तीत निघालेल्या जुन्या लोखंडी खिळ्यांची. आधुनिक शिल्प जुन्या जागी ठेवणं मला सहसा रुचत नाही. हे मात्र योग्य जागी आहे.

तळघरातली आणखी एक खोली चुकवू नका. राजपुत्र एडवर्ड, ज्याला ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणतात, त्याने चौदाव्या शतकात इथे देवघर बांधवून घेतलं. आपल्याला तळघरातच, मरियम मातेच्या देवघरात पुरावं, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं. लोकांनी त्याला वर, बेकेटच्या समाधीशेजारी नेऊन ठेवलं. सोळाव्या शतकात छळाला कंटाळून पळून आलेल्या फ्रेंचभाषक प्रोटेस्टंट विणकरांना राणी पहिल्या एलिझाबेथच्या राजवटीत उपासनेसाठी तळघर मिळालं. त्यांची उपासना आज याच राजपुत्राच्या देवघरात, फ्रेंचमधूनच होते. निर्वासितांना दिलेली जागा साडेचारशे वर्षं टिकवणं ही गोष्ट मला कोरीवकामाहून मोलाची वाटते.

आता वर जा. पायऱ्या चढत ट्रिनिटी देवघरात पोहोचलात की मधोमध रिकामी फरशी आणि तिच्यावर एक जळती मेणबत्ती दिसेल. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने समाधी फोडली गेली, सोनं-रत्नं खजिन्यात गेली. भोवतालचे दगड यात्रेकरूंच्या पायांनी आणि गुडघ्यांनी झिजलेले आहेत. सभोवारच्या खिडक्यांत बेकेटच्या चमत्कारांच्या कथा रंगीत काचांत आहेत. जवळच्याच फोर्डविच गावच्या वेड्या हेन्रीला हात बांधून, मारत आणलं जातं आणि तो शांत होऊन परततो. त्या काचांमध्ये थडगं दिसतं, भिंतीला भोकं असलेलं. खाली जे आता नाही, ते इथे काचेत जपलेलं आहे. तळघर आधी न पाहणाऱ्याला ही खूण कळत नाही, तो नुसते रंग पाहून जातो.

या काचा टिकल्या त्यात माणसांचा वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या आधीच काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. १ जून १९४२ च्या रात्री जर्मन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले, आवारातलं ग्रंथालय उद्ध्वस्त झालं, पण छतावर पहारा देणाऱ्या लोकांनी आगीचे बॉम्ब हातांनी उचलून खाली फेकले आणि कॅथीड्रल वाचवलं. २०२१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी काच न काढता तपासणारं उपकरण वापरून दाखवलं की ख्रिस्ताच्या ‘पूर्वजां’च्या मालिकेतले काही काचपट ११३० ते ११६० च्या दरम्यानचे असावेत. म्हणजे ते ११७४ च्या आगीच्याही आधीचे.

मराठी वाचकाला एक जागा मुद्दाम सांगतो. नैर्ऋत्येच्या बाजूदालनाला लागून सेंट मायकेलचं, म्हणजे योद्ध्यांचं देवघर आहे. ते ‘बफ्स’ या केंटच्या पलटणीचं. ही पलटण २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरजवळ पनियारला शिंद्यांच्या फौजेशी लढली होती. तिथे आपलीही माणसं आठवावीत.

जाण्याची व्यवस्था सोपी आहे. लंडनच्या सेंट पँक्रासहून जलद गाडी सुमारे तासाभरात कँटरबरी वेस्टला पोहोचते. वेस्टगेटच्या मध्ययुगीन वेशीतून सरळ चालत गेलात की कॅथीड्रलचं नक्षीदार प्रवेशद्वार लागतं. आत जायला तिकीट आहे, संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला नाही. ती ऐकून परतण्यासारखा शेवट दुसरा नाही. वेळा मात्र आधी पाहून ठेवा, कारण ही चालती उपासनेची जागा आहे आणि समारंभांच्या दिवशी काही भाग बंद असतात.

लंडनला मुलांकडे जाणारे आईवडील बहुतेक वेळा कँटरबरी पाहतात ते डोव्हर आणि एखाद्या किल्ल्याबरोबर, एकाच रविवारी, गाडी बाहेर थांबवून. तसं पाहिलं असेल तरी पुन्हा जा. मुलांना आठवड्यातल्या मधल्या वाराचं तिकीट काढून द्यायला सांगा आणि त्या दिवशी एकट्यानेच निघा. सकाळी पहिल्या तासात तळघरात गर्दी नसते.