गुग्गुळ आणि रक्तातील मेद

मराठी घराला गुग्गुळ ठाऊक असतो तो धुपाटण्यातला. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर पडणाऱ्या या डिंकाचा रक्तातील कोलेस्टेरॉलशी काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. आयुर्वेदाने मात्र गुग्गुळ आणि मेद यांची सांगड फार पूर्वीच घातली होती. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांचा उपदेश म्हणून परंपरा जिला मानते, त्या सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे. वाढलेला मेद शरीरातील स्रोतसे, म्हणजे मार्ग, अडवितो. आणि त्यावरील उपायांत गुग्गुळ सांगितला आहे.

त्याच काशीत, बनारस हिंदू विश्वविद्यालयात, जी. व्ही. सत्यवती यांनी हे जुने वचन कसोटीला लावले. कोलेस्टेरॉल वाढविणारा आहार दिलेल्या सशांना त्यांनी गुग्गुळ दिला. तेव्हा त्यांच्या रक्तातील मेद उतरला आणि रोहिण्यांचा कठीणपणाही आटोक्यात राहिला. हा प्रबंध १९६६ सालचा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळापासून औषध सिद्ध केले आणि ते बाजारात आले.

चाळिशी-पन्नाशीतील स्त्रियांना हा विषय विशेष जवळचा आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, आणि तोवर आवाक्यात असलेले अपायकारक कोलेस्टेरॉल चढू लागते. या वयात अंगातून निघणाऱ्या वाफांवर कोणी शतावरी सुचविते. तो प्रश्न निराळा, आणि गुग्गुळ त्याचे उत्तर नव्हे. पण ‘वनस्पतीच ती, अपाय कसला?’ हा समज दोन्ही ठिकाणी सारखाच.

सशाला जे लागू पडले ते माणसाला पडेलच असे नाही. भारतातील काही चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरले खरे. परंतु अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडे वाढलेच, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. शिवाय प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम ही रक्तदाबावरील औषधे गुग्गुळाबरोबर घेतली तर रक्तात कमी प्रमाणात पोहोचतात. डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करून, किंवा तिच्या जोडीला गुपचूप गुग्गुळ घेणाऱ्या गृहिणीने एवढे तरी त्यांच्या कानावर घालावे.

आणि ते झुडूप? कच्छ-राजस्थानच्या रुक्ष भूमीत ते अतिशय सावकाश वाढते. अधिक डिंकाच्या लोभाने खोल चिरा दिल्या की ते वाळून जाते. २०१५ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वनस्पतींत झाली.